आमचे गावंडे सांगतील

कोणाला मारायचं ठरलं की गावंडे आधी चष्मा काढायचा. स्वतःचा नव्हे, त्याला चष्मा नव्हताच. समोरच्याचा काढायचा. दोन्ही हातांनी, काड्या न वाकवता, आणि काचा वर करून काउंटरवर ठेवायचा. मग मारायचा. समोरचा माणूस त्या काळजीनेच इतका गोंधळून जायचा की पहिली थप्पड बसेपर्यंत त्याला आपण मार खाणार आहोत हे कळायचं नाही.

देवीदास गावंडे माझा भागीदार. कर्वेनगरात एका खानावळीच्या वर, पहिल्या मजल्यावर, आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. पुढे काउंटर, तिथे मी. मागे प्लायवूडचं पार्टिशन, त्याच्या आड गावंडे. त्याचं जे झालं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. काहीजण म्हणतात, मवालीच होता, कधी ना कधी व्हायचंच होतं. खानावळीचे मालक त्याला देवमाणूस म्हणतात. मला दोन्ही ऐकवत नाही. देवमाणूस तो नव्हता, हे त्याच्या बायकोच्या डाव्या कानाला विचारा. आणि त्याचं जे झालं ते आपोआप झालं नाही. त्यात माझा हात आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

तो अकोल्याकडचा. बुटका, रुंद, मान अशी फारशी नाहीच. पुण्याच्या उन्हाळ्याला तो उन्हाळा मानायचा नाही. एप्रिलमध्ये मी घामाने निथळत असलो की म्हणायचा, "हे काय ऊन आहे दातारभाऊ? आमच्याकडे याले सावली म्हन्तात." डब्यात रोज कच्चा कांदा असायचा आणि तो कांदा तो टेबलावर मुठीने फोडायचा. खालच्या खानावळीत जेवणाऱ्यांना आवाजावरून कळायचं, वर गावंडे जेवायला बसला.

तेच हात मशीनवर आले की ओळखू यायचे नाहीत. लॅपटॉप उघडताना तो स्क्रू एका जेवणाच्या ताटात ठेवायचा, ज्या जागेचा त्या जागी, म्हणजे ताटात लॅपटॉपचा नकाशाच तयार व्हायचा. ताटाला धक्का लावलेला चालायचा नाही. मी एकदा लावला होता. त्याने मला काही केलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुपारभर पार्टिशनच्या आत गेलो नाही.

त्याची खासियत म्हणजे अंधारलेले स्क्रीन. पिवळट पडलेले, अर्धेच उजळणारे, लुकलुकणारे, पार काळे झालेले. पुण्यात अशा लॅपटॉपला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, स्क्रीन बदला. गावंडे आधी प्रश्न विचारायचा. चार्जर लावल्यावर उजळते का? झाकण मागेपुढे केलं की लुकलुकते का? पडला होता, का कोणी आपटला? निम्म्या लोकांचं काम इथेच व्हायचं. कोणाच्या लहान मुलाने बटण दाबून उजेड शून्यावर नेलेला असायचा, कोणाचा लॅपटॉप बॅटरी वाचवायला आपणच मंद होत असायचा. अशा गिऱ्हाइकांना तो पैसे न घेता परत पाठवायचा, पण शिव्या देऊन. "तुमाले खोलीतला दिवा गेला तं तुमी भिंत पाडता का बे?"

स्क्रीन अगदीच काळा असला की तो दुकानातले सगळे दिवे घालवायचा आणि पडद्यावर बॅटरीचा झोत तिरका धरायचा. कोनात कुठेतरी पुसट चित्र दिसायचं, गणपतीचा फोटो, कोणाचं बाळ, कंपनीचं चिन्ह. म्हणजे पडदा जिवंत, मागचा दिवा तेवढा गेलेला. "मेला नाही. दिसून नाही राह्यला फक्त," असं तो म्हणायचा, आणि त्या वेळी त्याचा आवाज इतका मऊ असायचा की हाच माणूस काल बिल्डिंगच्या वॉचमनला जिन्यावरून ढकलून आला आहे हे खोटं वाटावं.

आमची ओळख नगर रस्त्यावरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये झाली. मी तिथे काउंटरवर होतो, तो आत. मॅनेजर गिऱ्हाइकांना सरसकट नवा स्क्रीन बसवायला लावायचा. एका बाईच्या लॅपटॉपची नुसती बिजागरीतली वायर सैल होती. गावंडेने ती बसवली आणि लॅपटॉप परत दिला. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "गावंडे, तुमच्या गावाला वीज आली का हो? उजेड म्हणजे काय ते तुम्हाला कोणी शिकवलं?"

लोक हसले. मीही हसलो असेन. गावंडेने मॅनेजरचा चष्मा काढून ठेवला, त्याचा उजवा हात धरला, समोरच्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर पालथा ठेवला, झाकण बंद केलं आणि दाबलं. जोरात नाही. हळूहळू, कणीक तिंबावी तसं. मॅनेजर आधी ओरडला, मग नुसताच तोंड उघडून राहिला. "दिसते का उजेड?" गावंडे विचारत होता. "आता? आता किती दिसते?" बोटांतून जो आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही.

आणि मी खरं लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो, की मला आनंद झाला. मी आयुष्यभर ऐकून घेतलेला माणूस. शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, त्या मॅनेजरकडून तर रोज. मी कधी कोणावर हात उचललेला नाही आणि लोक त्याबद्दल मला सज्जन म्हणतात. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपल्याजवळ असला तर आपल्याला कोणी काही बोलणार नाही. गावंडेला अर्थातच काढून टाकलं. मी त्याच आठवड्यात राजीनामा देऊन त्याच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, आपण दुकान टाकू.

त्याने विचारलं, "मले का घेता? माहं डोस्कं तं पाह्यलं तुमी."

मी म्हणालो, "तुमचे हात चांगले आहेत."

दुकानात एक रीत आपोआप पडली. एखादं गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलायला लागलं की मी वाद घालायचो नाही. हात जोडायचो, हसायचो आणि पार्टिशनच्या दिशेला तोंड करून म्हणायचो, "थांबा हं, आमचे गावंडे सांगतील." आत स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. बहुतेक वेळा तेवढं पुरायचं.

एक विमा एजंट होता. त्याचा स्क्रीन टाईप करताना मध्येच काळा व्हायचा. आमच्याकडे आणला की व्यवस्थित चालायचा. गावंडेने दोनदा उघडला, वायर बदलली, सगळं तपासलं. दुसऱ्यांदाही काही सापडलं नाही तेव्हा त्याने स्वतःच्याच रागाने भिंतीत बुक्का घातला आणि पुढे बरेच दिवस डाव्या हाताने काम केलं. एजंट तिसऱ्यांदा आला तो जिन्यापासूनच ओरडत. "चोर आहात तुम्ही! चांगले पार्ट काढून घेता!"

मी म्हणालो, "थांबा हं, आमचे गावंडे सांगतील."

गावंडे बाहेर आला. "बसा. टाईप करा."

एजंटने टाईप केलं. स्क्रीन काळा झाला. "बघा! बघा!"

गावंडे स्क्रीनकडे बघतच नव्हता. तो एजंटच्या मनगटाकडे बघत होता. तिथे ब्लड प्रेशरसाठी घालतात तो चुंबकाचा पट्टा होता. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं. एजंटचं मनगट कीबोर्डच्या कडेला टेकलं की मशीनला वाटायचं, झाकण बंद झालं, आणि ते इमानदारीत दिवा विझवायचं. गावंडेने तो पट्टा धरला आणि ओढला. कडी निघेना, तरी ओढला. कडीबरोबर मनगटाची सालही निघाली. मग त्याने पट्टा मशीनच्या कडेला नेला, स्क्रीन काळा. दूर नेला, स्क्रीन चालू. असं त्याला शांतपणे दाखवलं. मग म्हणाला, "हे झालं दुरुस्तीचं. आता चोर म्हनल्याचं," आणि चष्मा काढून ठेवला.

एजंट लॅपटॉप टाकून पळाला. गावंडे म्हणाला, "जा, नेऊन द्या त्याईले. कामाचा मानूस आहे, खोळंबा नोको." मी त्याच्या घरी गेलो. गाल सुजलेल्या अवस्थेत त्याने दार उघडलं, लॅपटॉप घेतला, थोडा वेळ बोटं चालवून पाहिली आणि म्हणाला, "आता बरा चालतोय हो." मी घरी येऊन बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. आम्ही खूप हसलो. त्या मनगटावरचं रक्त मी सांगण्यातून वगळलं होतं.

असे किस्से बरेच आहेत. एकदा हॉस्टेलमधली काही मुलं हॉकी स्टिक घेऊन आली. आदल्या दिवशी त्यांच्या मित्राला गावंडेने कानफटवला होता. गावंडे आतून गरम हवेचं मशीन घेऊन आला. ज्याने चिप सोडवतात, ते. त्याची वायर दारापर्यंतच पुरत होती. तो उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "या. वायर इथपर्यंतच येते, पुढचं तुमाले चालत यावं लागन." एक आलाच. जळलेल्या केसांचा वास दुकानात संध्याकाळपर्यंत होता. नंतर मी खाली जाऊन त्या मुलाच्या हाताला मलम लावलं, त्याला 'बाळ' म्हणालो, आणि तो मलाच सॉरी म्हणाला. माझी भूमिका नेहमी ही असायची. मलमाची.

त्याच्या घरचं मला फार उशिरा कळलं. चहा पिताना त्याने सांगितलं, एखाद्या बिघाडाचं सांगावं तसं. भावासमोर बायको त्याच्यावर हसली होती. "एक मारली. कान फुटला. पोरीले घेऊन गेली मायबापाकडे अकोल्याले." मी "अरेरे" म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याच्याकडे पाहून, स्पष्ट. मी पुढचा लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

पुढे त्याच्या मुलीला, वैदेहीला, इथल्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून सुनीता, त्याची बायको, पुण्यात यायला तयार झाली. गावंडेने धायरीत दोन खोल्या घेतल्या, स्वतः रंगवल्या. सुनीता आली ती आधी दुकानात. उंच, वाळकी बाई. डाव्या बाजूने कोणी बोललं की पूर्ण वळून बघायची. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं असताना ती म्हणाली, "भाऊ, तुमी साक्षीदार. मी याले सांगून राह्यली ते तुमीबी ऐका. यानं हात उचलायचा नाही. माह्यावर नाही, अन् पोरीवर नाही, अन् रस्त्यावरच्या कुत्र्यावरबी नाही. ज्या दिवशी कळलं का यानं कोनाले मारलं, त्या दिवशी पोरीले घेऊन मी गाडीत. मंग आमचं तोंड दिसनार नाही याले."

गावंडे पार्टिशनच्या कडेला उभा होता. मुलगी त्याच्याकडे न बघता दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत होती. तो म्हणाला, "बरं."

"बरं नोको. शपथ घे."

"पोरीची नाही घेत. माही घेतो."

त्याने ती पाळली. कशी, ते मी रोज पाहत होतो. राग आला की तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून स्टुलावर बसायचा. हातांवर बसून राहायचा, तोंड लाल व्हायचं, आणि मग हळूहळू उतरायचं. एकदा एका माणसाने त्याच्या आईवरून शिवी दिली. गावंडे हातांवर बसला. उठला तेव्हा बोटं निळी पडली होती. बाहेर तो येतच नसे. मला म्हणाला होता, "दातारभाऊ, आता ते आमचे गावंडे-बिवंडे नोका म्हनत जाऊ." मी म्हणालो, "छे छे, आता कशाला."

वैदेही कॉलेज सुटल्यावर कधीकधी दुकानात यायला लागली. सुरुवातीला दारातच थांबायची. पुढे पार्टिशनच्या आत जाऊन बसायला लागली. एकदा मी आत डोकावलो तर दिवे घालवलेले होते, आणि बॅटरी तिच्या हातात होती, आणि तो तिला सांगत होता, "आणखी तिरकी. हां. दिसलं?" ती म्हणाली, "बाबा, मांजर आहे!" तिने त्याला बाबा म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याने लगेच दिवे लावले नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मला त्याच्या शांतपणाचा त्रास व्हायला लागला होता. गिऱ्हाइकांना वास आला होता की आता आतून कोणी येत नाही. लोक माझ्यावर ओरडायचे. एकाने माउस फेकून मारला. पूर्वीचा गावंडे असता तर, असं मनात यायचं. सज्जन माणसाच्या मनात काय काय येतं याची यादी केली तर कोणी त्याला सज्जन म्हणणार नाही.

मग संग्राम आला. शेजारच्या, आता शहरात सामावलेल्या गावातल्या जमीनदार घरातला तिशीचा पोरगा. बरोबर एक मित्र. काउंटरवर लॅपटॉप ठेवून म्हणाला, "लाईट फिकी हाय. वाढवून द्या. बसतो हितं." झाकणावर फुलांचे स्टिकर होते. मी लॅपटॉप आत नेला.

गावंडेने तो हातात घेतला आणि लगेच उघडला नाही. झाकणावरून अंगठा फिरवला. मग बिजागरीजवळ वाकला, चिमटा घेतला आणि हळूच काहीतरी ओढलं. लांब केस होते, पाचसहा. मुळासकट. बिजागरीच्या फटीत तपकिरी काहीतरी सुकलं होतं.

"पडलेला लॅपटॉप कोपऱ्यावर फुटते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हा मधात दबला आहे. कोनाच्या तरी डोस्क्यात घातला." त्याने ते केस ताटात ठेवले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. "दातारभाऊ, तुमी चौकीत फोन करा. लॅपटॉप तयार नाही म्हनून सांगा, बसवून ठेवा त्याले. अन् मले बाहेर बोलावू नोका. पाया पडतो तुमच्या."

मी बाहेर आलो. फोन माझ्या खिशात होता. जिन्यात जाऊन तो लावायचा, एवढंच काम होतं.

"झाली का लाईट?" संग्रामने विचारलं.

"वेळ लागेल. मार बसलाय त्याला. पडला होता का?"

"पडला की."

"कुठून?"

"माझ्या हातातून." दोघे एकमेकांकडे बघून हसले. "बायकोच्या डोक्यावर पडला. डोकं टणक हाय तिचं, लॅपटॉप कच्चा निघाला."

आम्हा पुणेकरांना एक खोड असते. सरळ बोलायची हिंमत नसते तिथे आम्ही टोमणा मारतो. मी म्हणालो, "मग लॅपटॉप आणलात ते बरंच केलंत. बायको काय, आपोआप दुरुस्त होते."

तो उठला. माझी कॉलर धरून त्याने मला काउंटरवर ओढलं. "ए म्हाताऱ्या, काय म्हनला रं? परत म्हन."

त्या क्षणी भीतीपेक्षा जास्त काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आता बघ. आता कळेल तुला. आणि पार्टिशनकडे तोंड करून मी म्हणालो, "थांबा हं. आमचे गावंडे सांगतील."

आत थोडा वेळ काहीच आवाज झाला नाही. मग स्टूल सरकलं.

गावंडे बाहेर आला तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. "सोडा त्याईले," तो म्हणाला.

"तू कोन?"

"सोडा. वयानं मोठे आहेत."

संग्रामने मला सोडलं नाही. कपाळ माझ्या तोंडावर आपटलं. माझे पुढचे दात हलल्याचं मला जाणवलं, तोंड गरम रक्ताने भरलं. मी खाली पडलो. त्याने बुटाने माझ्या बरगडीत लाथ घातली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं लोखंडी स्टूल उचललं. मी गावंडेकडे बघत होतो. त्याचे खिसे हलत होते. मग खिशातून हात बाहेर आले, आणि मला वाटलं, सुटलो.

तो माझ्या अंगावर येऊन पडला. पालथा, मला पूर्ण झाकून. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, कांद्याचा वास येत होता. "दातारभाऊ," तो म्हणाला, "हात धरा माहे. घट्ट."

मी धरले.

स्टूल त्याच्या पाठीवर बसलं. पुन्हा बसलं. प्रत्येक फटका त्याच्यातून माझ्यापर्यंत यायचा. मित्र बाजूने लाथा घालत होता, ओरडत होता, "हात का न्हाई चालवत? चालव की!" माझ्या मुठींत गावंडेचे हात पोत्यात कोंबलेल्या जनावरासारखे झटके देत होते. त्या हातांची ताकद मला माहीत होती. त्यांनी मनात आणलं असतं तर दोघेही जिन्यातून खाली गेले असते. मध्येच उजवा हात माझ्या मुठीतून निसटला. तो वर गेला, मागे वळायला लागला. मी तो पकडला आणि पुन्हा खाली आणला. त्यानंतर स्टुलाचा पाय त्याच्या डोक्याच्या मागे बसला, आणि माझ्या हातातले दोन्ही हात एकदम ढिले पडले.

खानावळीतली माणसं लाटणी आणि झारे घेऊन वर आली. त्यांनी त्या दोघांना जिन्यात गाठून जो चोप दिला तो मी फक्त ऐकला.

हॉस्पिटलमध्ये सुनीता माझ्यासमोर बाकावर बसली होती. वैदेही आत त्याच्याजवळ होती. माझ्या ओठाला टाके होते, बोलता येत नव्हतं नीट. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला हे ऐकून बरं वाटेल. "त्यांनी हात उचलला नाही, वहिनी. मी साक्षीदार आहे. एकदासुद्धा नाही. मीच धरून ठेवले होते."

ती वळून पूर्ण माझ्याकडे बघायला लागली. "तुमी धरले?"

"ते म्हणाले, धरा."

"तो म्हनन! तो तं म्हननच." तिचा आवाज वर गेला, नर्सने दारातून पाहिलं. "तुमाले नाही समजलं? मी म्हनली होती, मारू नोको. मरून जा असं म्हनली होती का मी? सोडायचे होते ना हात! म्या अकोल्याले जायचं का नाही ते माहं मी पाह्यलं असतं!"

मी रुमालाने ओठ टिपला.

"अन् त्याले बाहेर बोलावलं कोनं?"

याचंही उत्तर तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी फरशीकडे. नंतर ती म्हणाली, "चहा प्या जाऊन. तोंडातून रक्त येऊन राह्यलं तुमच्या." ती हे रागाने म्हणाली की दयेने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लॅपटॉप आणि ताटातले केस पोलिसांनी नेले. त्यावरून चौकीची माणसं त्या घरी गेली. संग्रामची बायको डोक्याला पट्टी बांधून भावाबरोबर चौकीत आली, स्वतःचा जबाब देऊन गेली. ती आता भावाकडे असते. खटला चालू आहे, तारखांना मी जातो, आणि टोमणे न मारता सरळ बोलतो. त्याचा आता काय उपयोग, हा प्रश्न वकील विचारत नाहीत.

गावंडे वाचला. पण डोक्याला मार लागल्यावर उजवा हात थरथरायला लागला, तो थांबला नाही. स्क्रू ताटात ठेवायला गेला की ताटावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्याने काही दिवस प्रयत्न केला. मग एक दिवस आपलं सामान न्यायला आला. त्या वेळी काउंटरवर एक मुलगी काळवंडलेला लॅपटॉप घेऊन उभी होती. मी तिला प्रश्न विचारत होतो आणि नेहमीप्रमाणे चाचपडत होतो. गावंडेने पुढे येऊन कोपऱ्यातलं एक बटण कोपराने दाबलं. स्क्रीन लख्ख झाला.

"एवढंच होतं?" मुलगी म्हणाली.

"मंग काय, पूजा घालू का?" गावंडे म्हणाला. त्याच्या हातात पिशवी होती. माझ्याकडे वळून म्हणाला, "चला दातारभाऊ. वैदेही म्हन्ते मोबाईलवर दुरुस्ती शिकवत जा लोकायले, तिनं सगळं ठरवून ठेवलं आहे. तोंड तं चालू आहे ना माहं."

मी म्हणालो, "गावंडे, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"हो," तो म्हणाला. त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेला.

मी खिडकीत उभा राहिलो. खाली सुनीता स्कूटर चालू करून थांबली होती. तो मागे बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि थरथरणारा उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवायला वर नेला. हात अचानक कानाजवळ आल्याबरोबर तिची मान खांद्यात गेली, डोळे मिटले. क्षणभरच. त्याने हात काढून घेतला आणि मागची दांडी धरली.

सुनीता तशीच बसून राहिली. गाडी चालू होती, मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. मग तिने न वळता एक हात मागे केला, चाचपून त्याचा तो हात शोधला, ओढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि स्कूटर पुढे काढली.